गेटवरून परत कुणाला पाठवायचं?

नमस्कार काकू,

आमच्या गावातल्या हायस्कूलच्या पालक-शिक्षक संघात मी दोन वर्षांपासून आहे. गाव सांगलीजवळचं, वर्दळीचं. शाळेत शंभरेक मुलं-मुली सायकलने येतात. जुलैत सातवीतला एक मुलगा वळणावर खडीवरून घसरला, डोक्याला नऊ टाके पडले. त्यावरून आता ठराव आलाय: दिवाळीच्या सुट्टीनंतर सायकलवर येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हेल्मेट सक्तीचं, नसेल तर गेटवरूनच घरी परत. येत्या शनिवारी त्यावर मतं घ्यायची आहेत.

माझी बहीण मेलबर्नला असते. ती म्हणते, इथे विनाहेल्मेट पोर रस्त्यावर दिसत नाही, तुम्ही अजून मतं कसली घेताय? आमचे हे म्हणतात, आम्ही कुठे घालत होतो, मेलो का? मुलगा आठवीत आहे. त्याला बाराशेचं हेल्मेट आणलं, तर ते हँडलला अडकवून नेतो आणि हँडललाच अडकवून परत आणतो. मित्र त्याला 'टोपलं' म्हणतात. आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी नववीत आहे, मळ्यातल्या वस्तीवरून साडेतीन किलोमीटर सायकल मारत येते. तिला हेल्मेट कोण घेऊन देणार, हे बैठकीत कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, ते मनाला लागून राहिलंय. शनिवारी हात वर करू की नको?

— एक आई, सांगली जिल्हा

*

ताई, नमस्कार.

ठराव आत्ता जसा लिहिलाय तसाच मताला आला, तर हात वर करू नका. पण गप्पही बसू नका. त्या एका वाक्यात अर्धा भाग बरोबर आहे आणि अर्धा फार चुकलाय. हेल्मेट हवं, हे बरोबर. नसेल तर पोराला गेटवरून परत, हे चूक. मतदानाच्या आधी दुरुस्ती सुचवायचा हक्क तुम्हाला आहे, तो वापरा. काय सुचवायचं ते पुढे येतंच. आधी घरातलं निस्तरू.

तुमच्या मिस्टरांचं वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत तीस वर्षं ऐकलंय. मी स्वतः चार आणे तासाने भाड्याची सायकल घेऊन, दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकले. एकदा हनुवटी फुटली, आईने हळद दाबली आणि वर एक धपाटा घातला. हेल्मेट ही वस्तू आम्ही पाहिलेलीच नव्हती. अहो, तेव्हा क्रिकेटवालेही घालत नव्हते. गावसकर १९७१ साली वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांपुढे हेल्मेटविना उभा राहिला. म्हणून आज कोणी बाप आपल्या पोराला कोचिंगला सीझनच्या चेंडूसमोर तसं उभं करतो का? आणि त्या काळात सगळे ठणठणीत राहिले हेही खरं नाही. आमच्या वर्गातला एक हुशार मुलगा उतारावर सायकलवरून पडला. महिन्याभराने शाळेत आला तेव्हा त्याला पाढे आठवेनात. वर्ष गेलं, मग शाळाच सुटली. 'डोक्याला मार लागला होता' एवढंच सगळे म्हणायचे. तुमच्या मिस्टरांच्या वर्गातही असा एखादा असेल. नीट आठवायला सांगा. आणि त्यांच्या लहानपणी त्याच रस्त्यावरून दिवसाला किती डंपर जायचे, तेही विचारा.

आता हेल्मेट करतं काय. आतला पांढरा भाग म्हणजे आपलं थर्मोकोलच, फक्त जास्त घट्ट. डोकं आपटलं की तो थर चेपतो आणि डोकं थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. तेवढ्यानेच मेंदूला बसणारा हिसका पुष्कळ कमी होतो. युरोपच्या ईएन १०७८ या मानकाच्या चाचणीत डोक्याच्या आकाराचा ठोकळा हेल्मेटसकट साधारण दीड मीटर उंचीवरून लोखंडावर सोडतात. आपटताना त्याचा वेग ताशी एकोणीस-वीस किलोमीटर भरतो. म्हणजे ही वस्तू कशासाठी बनवली आहे ते उघड आहे: मूल आपलं आपण कलंडलं, खडीवर घसरलं, कुत्रं आडवं आलं, गतिरोधक दिसला नाही, त्यासाठी. तुमच्या शाळेतल्या त्या सातवीतल्या मुलाचं पडणं अगदी ह्याच जातीचं. उसाची भरलेली ट्रॉली अंगावर आली तर मात्र थर्मोकोलचा थर काय करणार? हा फरक शनिवारी लक्षात ठेवा, कारण हेल्मेट घातलं की मूल सुरक्षित, असं कुणीतरी म्हणणारच.

आकडे हवे असतील तर तेही देते. १९८९ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या अभ्यासातून हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापती ८५ टक्क्यांनी कमी होतात असं आलं आणि तो आकडा जगभर फिरला. पुढे इतरांना इतका मोठा फायदा दिसला नाही. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी चाळीस अभ्यास एकत्र करून, ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वारांचा हिशेब मांडला. त्यात हेल्मेट घातलेल्यांना डोक्याची दुखापत होण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी आणि गंभीर दुखापतीची ६९ टक्क्यांनी कमी निघाली. बाराशे रुपयांच्या वस्तूकडून मला तरी याहून जास्त अपेक्षा नाही. तेव्हा घालावं की न घालावं, हा वाद माझ्यापुरता मिटलेला आहे.

सक्तीचा वाद वेगळा, आणि तिथे मेलबर्नची बहीण अर्धीच गोष्ट सांगते आहे. तिचं राज्य व्हिक्टोरिया. १ जुलै १९९० ला लहान-मोठ्या सगळ्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं करणारं ते जगातलं पहिलं राज्य. त्याआधी तिथे ३१ टक्के लोक हेल्मेट घालत होते, वर्षभरात ते ७५ टक्क्यांवर गेले. कायद्याने लोक हेल्मेट घालतात, हे त्यातून सिद्ध झालं. पण त्याच मेलबर्नमध्ये ठरलेल्या ठिकाणी उभं राहून सायकलस्वार मोजले, तर किशोरवयीन मुलं-मुली आधीच्या वर्षापेक्षा ४० टक्क्यांहून जास्त कमी भरली. हेल्मेट घालण्यापेक्षा त्यांनी सायकलच सोडली. हे कायद्यामुळेच झालं का, यावर तिकडे अजून भांडणं चालू आहेत. उलट कॅनडात, जिथे काही प्रांतांत मुलांना सक्ती होती आणि काहींत नव्हती, तिथे १९९४ ते १९९८ या काळात सक्तीच्या प्रांतांत मुलांच्या डोक्याच्या दुखापती ४५ टक्क्यांनी घटल्या आणि बिनसक्तीच्या प्रांतांत २७ टक्क्यांनी. म्हणजे सक्तीचा उपयोगही होतो आणि तिची किंमतही मोजावी लागते. कुठे काय होईल, हे ती सक्ती कुणाच्या मानेवर ठेवली यावर बरंच अवलंबून असतं, असं माझं मत आहे.

कारण मुलांसाठी नियम करणाऱ्या बऱ्याच देशांनी एक गोष्ट जपली आहे. स्वीडनमध्ये २००५ पासून पंधरा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. पण मूल एकटं सायकल चालवताना विनाहेल्मेट सापडलं तर त्याला दंड नाही. दंड आहे तो त्याला सायकलवर बसवून नेणाऱ्या मोठ्या माणसाला. फ्रान्सने २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्यांना नियम लावला, आणि १३५ युरोंची पावती फाटते ती सोबतच्या मोठ्या माणसाच्या नावाने. जपानने २००८ साली तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांवर जबाबदारी टाकली की, तुम्ही मुलाला हेल्मेट घालायला लावण्याचा प्रयत्न करा. दंड कुणालाच नाही. २०२३ च्या एप्रिलपासून तिथे हे आवाहन सगळ्या वयाच्या लोकांना लागू झालं. हे सगळे देश शिस्तीत आपल्याहून चार पावलं पुढे. त्यांनाही पोराची कॉलर धरावीशी वाटली नाही.

आपल्याकडे सायकलसाठी असा देशभराचा कायदा नाही. मोटार वाहन कायद्यातलं कलम १२९ मोटारसायकल-स्कूटरसाठी आहे, सायकल त्यात येत नाही. आणि ताई, खरी गंमत इथेच आहे.

उद्या शाळा भरायच्या वेळी गेटपाशी दहा मिनिटं उभ्या राहा आणि मोजा. किती मुलं स्कूटरवर येतात? बाप पुढे, मागे दोन दप्तरं आणि दोन पोरं, पुढे पायापाशी बालवाडीतलं उभं. हेल्मेट किती? पोरांना तर नसतंच, बापालाही नसतं. असलंच तर आरशाला लटकलेलं असतं, हायवेला पोलीस दिसले की चढवायला. २०१९ च्या दुरुस्तीपासून दुचाकीवर बसणाऱ्या चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं. नसेल तर एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द अशी तरतूद आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या पोरांसाठीही फेब्रुवारी २०२३ पासून नियम लागू आहे: चालवणाऱ्याच्या अंगाला बांधणारा पट्टा, डोक्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी चाळीसच्या आत. इतक्या लहान मुलाला सायकलचं हेल्मेट घातलं तरी चालेल, असंही त्या नियमात म्हटलंय. म्हणजे तुमच्या गेटवर जिथे कायदा आहे, तिथे तो रोज सकाळी शंभर वेळा मोडतो आणि कुणी बैठक बोलावत नाही. जिथे कायदा नाही, त्या शंभर सायकलवाल्या पोरांसाठी मात्र ठराव. सायकल ताशी बारा-पंधराने चालते, स्कूटर चाळीस-पन्नासने. कुणाचं डोकं जास्त जोरात आपटेल, हे सांगायला विज्ञानाचा शिक्षक नको.

म्हणून माझी पहिली दुरुस्ती ही: गेटवरून परत पाठवायचंच असेल, तर विनाहेल्मेट दुचाकीवर आलेल्या पालकाला पाठवा. मुलाला आत घ्या, पालकाला 'आता हेल्मेट घालून घ्यायला या' म्हणा. हे वाचून दाखवलंत की बैठकीत एकदम शांतता पसरेल. पसरू द्या. जे आपल्याला जमत नाही तेच आपण तेरा वर्षांच्या पोराकडून मागतोय, हे तेवढ्या शांततेत बऱ्याच जणांच्या ध्यानात येईल.

सायकल अवघड करण्याचा आणखी एक परिणाम लहान गावांत होतो. नववी-दहावीतल्या मुलाला सायकलचा जाच झाला तर ते पोर काही पायी चालत येत नाही. ते बापाच्या स्कूटरची चावी मागतं. आणि आपल्याकडचे बाप ती देतात. क्लासच्या बाहेर लावलेल्या गाड्या बघा, त्यातल्या निम्म्या चालवणाऱ्यांना मिसरूड फुटलेलं नसतं. अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, हेही त्याच २०१९ च्या दुरुस्तीत आहे. पण लक्षात कोण घेतो. त्यामुळे सायकलवर येणारं प्रत्येक पोर ही मला तरी शाळेची मिळकत वाटते. तिला हात लावताना जपून.

आता मावशींची मुलगी. तुम्हाला खरा प्रश्न हाच पडलाय.

ठराव आहे तसा मंजूर झाला तर तिच्या बाबतीत काय होईल, ते डोळ्यांसमोर आणा. साडेतीन किलोमीटर येऊन ती गेटवर थांबेल. परत जा म्हटल्यावर पुन्हा साडेतीन किलोमीटर, या वेळी भर उन्हात आणि एकटी, कारण मैत्रिणी वर्गात गेलेल्या. आई तुमच्याकडे भांडी घासत असेल, घराला कुलूप. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी घरात कुणीतरी म्हणेल, राहू दे, चार दिवस शेतात चल. मुलींची शाळा सुटायला मोठं कारण लागत नाही, हे मी नोकरीत इतक्यांदा पाहिलंय की मोजणं सोडून दिलं. आपल्याच राज्यात मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घ्यायला सरकार पैसे देतं, ते का? सायकल असली की मुलगी शाळेत टिकते म्हणून. तुमचा तालुका त्या यादीत नसेल, पण हिशेब तोच. सरकार सायकल देऊन मुलीला गेटपर्यंत आणतंय आणि आपण हेल्मेट मागून तिला गेटवर अडवायचं?

तेव्हा दुसरी दुरुस्ती: हेल्मेट शाळेने द्यायचं. ज्यांना परवडतं ते आपलं आणतील. ज्यांच्याकडे नाही त्यांना ग्रंथालयाच्या पुस्तकासारखं, नंबर टाकून, रजिस्टरला सही घेऊन वर्षभरासाठी. मेमध्ये परत घ्यायचं. वाटपाचा कार्यक्रम नको, पाहुणे नकोत, फोटो तर अजिबात नको. त्या मुलीला वर्गातल्या चाळीस जणांसमोर 'गरजू' म्हणून उभं केलंत तर ती ते हेल्मेट वस्तीच्या वळणावरच्या झुडपात टाकून येईल, आणि मी तिला दोष देणार नाही. वर्षभर एक हेल्मेट एकाच मुलाकडे राहिलं पाहिजे, रोज कपाटातून कुठलंही उचलायचं असं नको. कारण तुम्हीही जाणता: उवा. अशा योजना बारगळायला एवढं एक कारण पुरतं.

पैसे कुठून? चाळीस हेल्मेटं धरा, शिक्षकांच्या ओळखीने एकगठ्ठा घेतली तर तीस-पस्तीस हजारांत बसावीत. गावातल्या एका मंडळाचा एका रात्रीच्या साउंड सिस्टिमचा खर्च यापेक्षा जास्त असतो. मंडळांकडे मागा, पतसंस्थेकडे मागा, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाका; रोज सकाळी सुविचार पाठवणाऱ्यांना कधीतरी काम मिळू दे. पण सगळ्यात आधी साखर कारखान्याकडे जा. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की तुमच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर दिवसरात्र धावणार. अर्ज एकच करा आणि त्यात दोन मागण्या घाला: मुलांसाठी हेल्मेटं, आणि प्रत्येक ट्रॉलीला मागून रिफ्लेक्टर. दुसरी मागणी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. हिवाळ्यात संध्याकाळी शाळेहून परतणाऱ्या पोराला अंधारात उभी असलेली ट्रॉली दिसली पाहिजे.

तुमच्या मुलाशी भांडू नका. आठवीतल्या मुलाला 'टोपलं' हा शब्द नऊ टाक्यांपेक्षा जास्त लागतो, हे आपण विसरतो. हेल्मेट तुम्ही निवडलं का? बहुतेक हो, आणि बहुधा निळ्यावर पिवळे पट्टे असलेलं. ते धाकट्या भावंडाला जाऊ द्या आणि याला दुकानात नेऊन त्याला हवं ते, काळं तर काळं, घेऊ द्या. त्याच्या टोळीतल्या आणखी दोघा-तिघांच्या आयांना फोन करून त्याच आठवड्यात घ्यायला लावलंत तर अर्धं काम होईल. एकाच्या डोक्यावर ते टोपलं असतं, चौघांच्या डोक्यावर असलं की टीम होते. आणि हँडलला लटकलेलं हेल्मेट रोज दोन वेळा चाकात किंवा ब्रेकच्या वायरीत अडकायची संधी शोधत असतं, एवढं एकदाच सांगा.

आणखी एक विचारा त्याला: शाळेत गेल्यावर हेल्मेट ठेवतोस कुठे? सायकलस्टँडवर ठेवलं तर चोरीला जातं, बेंचखाली ठेवलं तर लाथा बसतात, दप्तरात मावत नाही. मुलं हेल्मेट का आणत नाहीत यावर माझ्या शाळेत आम्ही दोन बैठका घेतल्या, शिस्तीवर भाषणं केली. शेवटी शिपाईमामा म्हणाले, बाई, खुंट्या मारू का? वर्गाच्या मागच्या भिंतीला लाकडी पट्टीवर खुंट्या ठोकल्या, वर हजेरी क्रमांक लिहिले. त्या दिवसापासून निम्मी कुरकुर बंद झाली.

घेताना आणि घालताना काय बघायचं, ते सांगते. मोटारसायकलचं हेल्मेट मुलाला सायकलवर घालू नका. आयएस ४१५१ चा शिक्का मोटारसायकलच्या हेल्मेटचा. ते जड असतं, त्यात ऐकू कमी येतं, आणि उन्हात पायडल मारताना पोर घामाने भिजतं. सायकलच्या हेल्मेटवर आत ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी असं लिहिलेलं शोधा. रस्त्यावर दीडशे-दोनशेला मिळतं ते नुसतं प्लास्टिकचं भांडं. टेपने भुवयांच्या जरा वरून डोक्याचा घेर मोजा आणि सेंटिमीटरमधलं माप हेल्मेटच्या मापाशी ताडून पाहा. पुढची कडा भुवयांच्या वर दोन बोटं. कपाळ उघडं आणि हेल्मेट मागे सरकलेलं दिसलं, तर ते घातलंच नाही असं समजा. कानाखाली दोन्ही पट्टे एकत्र यावेत आणि हनुवटीखाली एखादंच बोट जावं. डोकं गदागदा हलवून बघा. हेल्मेटसोबत कपाळाची कातडी हलली तर बसलं.

मुलींच्या बाबतीत शाळेचाच एक नियम आडवा येतो. दोन वेण्या, वर दुमडून, रिबिनी बांधून. त्या रिबिनींच्या फुगवट्यावर हेल्मेट कधीच नीट बसत नाही, तिरकं राहतं किंवा पुढे डोळ्यांवर येतं. उंच बांधलेल्या पोनीचंही तेच. सायकलने येणाऱ्या मुलींना खाली सोडलेल्या वेण्यांची मोकळीक द्या, असं ठरावात लिहून घ्या. मुख्याध्यापक एखादे वेळी हेल्मेटला पटकन होकार देतील आणि वेण्यांवर अडून बसतील. हे मी अनुभवाने सांगते. धुळीसाठी स्कार्फ बांधायचा असेल तर पातळ सुती, आणि गाठ हेल्मेटच्या आत नको. मधल्या सुट्टीत खेळायला जाताना हेल्मेट काढलंच पाहिजे, विशेषतः लहानग्यांनी. घसरगुंडीवर किंवा झाडावर पट्टा अडकला तर गळ्याला फास बसतो. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही नवं दिसलं तरी बाद. जुलैत पडलेल्या त्या सातवीतल्या मुलाच्या वडिलांनी आता घेतलं असेलच, तर तेवढं त्यांच्या कानावर घाला.

वाढत्या अंगाचं घ्यायची आपली सवय मात्र इथे घातक आहे. गणवेश वाढत्या अंगाचा चालतो, बाह्या दुमडता येतात. हेल्मेट दोन वर्षं पुरावं म्हणून मोठं घेतलं तर पडताना ते डोक्यापासून निसटतं. आणि सायकल? सातवीतल्या पोराला दहावीपर्यंत पुरणारी सायकल घेतली की तीन वर्षं त्याचे पाय जमिनीला पुरत नाहीत. मग ते वळणावर थांबू शकत नाही, नुसतं कलंडतं. खडीवर घसरलेल्या मुलाची सायकल कुठल्या मापाची होती, ब्रेकचे रबर शाबूत होते का, हे कुणी पाहिलं? सीट खाली घेणं आणि ब्रेक आवळणं हे सायकलच्या दुकानात पाच मिनिटांचं काम आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एखाद्या सायकल दुरुस्तीवाल्याला शाळेत बोलवा, पालक संघाने त्याची मजुरी द्यावी. हेल्मेट पडल्यानंतर कामाला येतं, ब्रेक पडायच्या आधी.

आणि ती खडी. जुलैत पोरगं पडलं, आज ती खडी तिथे आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला शंका आहे की असेल. कुणाच्या बांधकामाची आहे, रस्ता ग्रामपंचायतीचा आहे की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे शोधायला एक दुपार लागेल. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात चारशेहून अधिक मुलं रस्त्यावरच्या अपघातांत दगावली. आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने लिहिलेल्या लेखावरून 'मुलांच्या हत्या थांबवा' या नावाची चळवळ तिथे उभी राहिली. आई-बाप पोरांना घेऊन रस्त्यात बसले, गाड्या अडवल्या. त्यांची मागणी होती गाड्यांचा वेग आणि वाट बदला. पुढे वर्षानुवर्षं तिथे वेगळ्या सायकलवाटा होत गेल्या, आणि आज तिथली बहुतेक पोरं हेल्मेटशिवाय शाळेत जातात. आपले रस्ते तसे नाहीत, म्हणून मी हेल्मेट घाला म्हणते. पण नऊ टाक्यांनंतर आपल्याला पोरांचं डोकं झाकायचं सुचतं आणि खडी उचलायचं सुचत नाही, याची थोडी लाज वाटायला हवी. ठरावासोबत खडीचा अर्जही मंजूर करून घ्या. गेटसमोर शाळा भरताना आणि सुटताना अर्धा तास चारचाकी उभ्या करायच्या नाहीत, हेही त्यात घाला. पन्नास मीटर चालल्याने कुणाचं पोर झिजत नाही.

शनिवारी वाचायला साधारण असा मजकूर न्या, भाषा तुमची करा: "सायकलने येणाऱ्या विद्यार्थ्यांनी हेल्मेट वापरावं, ज्यांच्याकडे नाही त्यांना शाळा वर्षभरासाठी देईल. हेल्मेट नाही म्हणून कोणत्याही विद्यार्थ्याला वर्गाबाहेर ठेवलं जाणार नाही; पालकांना बोलावून विचारलं जाईल. दुचाकीवरून मुलांना सोडणाऱ्या पालकांनी स्वतः आणि मुलांनी हेल्मेट घातलेलं असावं. तसं नसल्यास गेटवर पालकाला थांबवलं जाईल." यावर हात वर करा, दोन्ही केलेत तरी चालेल.

कुणीतरी म्हणेल, शिक्षा नसेल तर ऐकणार कोण. त्याला गेल्या पाच वर्षांत शिक्षेने किती पोरं डबा संपवायला लागली, ते विचारा.

मावशींच्या मुलीला दुकानात सोबत न्या, माप तिच्याच डोक्याचं घ्या, रंग तिला निवडू द्या. शाळेचं ठरेपर्यंत थांबायची गरज नाही. आईच्या पगारातून मात्र कापू नका, आणि कापणार नाही हे आधीच सांगा, नाहीतर ती माऊली घेणारच नाही.

बैठकीला कशावरून जाणार ते तुम्ही लिहिलं नाहीत. स्कूटरवरून जाणार असाल, तर हेल्मेट गाडीला अडकवून ठेवू नका. हातात घेऊन आत जा, टेबलावर सगळ्यांसमोर ठेवा, आणि मग बोलायला उभ्या राहा.

तुमची,
काकू